आकाशातील आसन आणि शिरूरचा फलाट

सोलापूर–पुणे–मुंबई या हवाई मार्गावर विमान चालविणाऱ्या कंपनीस दर आसनामागे ३,२४० रुपये द्यावयाचे, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून सोलापूर–मुंबई विमान सुरू झाले. सोलापूरकरांच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. या विमानासाठी त्यांनी थोडे सोसलेले नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून ती जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. त्या चिमणीवरून गावात दोन तट पडले. आणि ती जमीनदोस्त झाल्यावरही नियमित प्रवासी विमान पुन्हा दिसावयास ९ जून २०२५ उजाडावे लागले. चादरीच्या व्यापाऱ्याला वा रुग्णाला मुंबई जवळ झाली, तर त्यात वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो सरकारने दिलेल्या पैशाचा हिशेब कोणी आणि कशाने मोजावयाचा, एवढाच.

लहान शहरांना विमानाने जोडण्याची केंद्र सरकारची ‘उडान’ योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि तिच्यातील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीस गेले. योजनेची रचना सुबोध होती. तासाभराच्या प्रवासास सुमारे २,५०० रुपये भाडे, निम्म्या आसनांवर ही मर्यादा, आणि कंपनीला जी तूट येईल ती तीन वर्षे भरून द्यावयाची. तीन वर्षे त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीस मज्जाव. ही तूट भरून काढण्यासाठी मोठ्या मार्गांवरील विमानांवर आकार बसविण्यात आला, म्हणजे दिल्लीस जाणारा पुणेकर नांदेडच्या प्रवाशाचा भार काही अंशी उचलू लागला. राज्यांनी आपला वाटा द्यावयाचा आणि या विमानतळांवरील इंधनाचा कर दहा वर्षे एक टक्क्यावर अथवा त्याहूनही खाली ठेवावयाचा. हा एक टक्का वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

एवढे सगळे करून काय साधले? महालेखापालांचा २०२३ चा अहवाल याचे उत्तर रोखठोक आकड्यांत देतो. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांतील ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि साहाय्य थांबल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, टिकून राहिले ते ५४. शाळेच्या परीक्षेत शंभरांपैकी सात गुण मिळविणाऱ्या मुलास वरच्या वर्गात ढकलण्याची पद्धत आमच्या वेळी तरी नव्हती.

महाराष्ट्रालाही या अंकगणिताची झळ लागली आहे. एअर डेक्कन कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये जळगाव आणि नाशिक यांना मुंबई-पुण्याशी जोडणारी लहान विमाने मोठ्या थाटात सुरू केली. एप्रिल २०२० मध्ये तिने आपला सगळा व्यवहारच थांबविला. नांदेड, जळगाव, कोल्हापूर येथे येणाऱ्या ट्रूजेटची विमाने फेब्रुवारी २०२२ मध्ये जमिनीवर आली. मोठ्या कंपन्यांची कथाही निराळी नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. कंपनी मोडीत निघाली की धनको रांगेत उभे राहतात. त्या रांगेत बँका पुढे असतात आणि लग्नासाठी वा शस्त्रक्रियेसाठी महिनाभर आधी तिकीट काढून ठेवलेला प्रवासी शेपटाला असतो. सरकारी साहाय्याच्या करारात कंपनीची तूट पैशापर्यंत मोजलेली असते. तिकीट काढून बसलेल्या माणसाची काळजी त्या मोजदादीत येत नाही.

आता जमिनीवर यावे. सोलापूरहून पुण्या-मुंबईकडे येणारा लोहमार्ग आणि हमरस्ता दौंड तालुक्यातून जातो. दौंड हे जंक्शन आहे, तेथून मनमाडकडे आणि बारामतीकडे फाटे फुटतात, आणि गाडीची गर्दी कितीही असो, दौंडकराला पुण्यास यावयास निदान रेल्वे आहे. भीमेपलीकडच्या शिरूरला तीही नाही. शिरूरहून पुण्यास महाविद्यालयात वा रुग्णालयात जावयाचे, रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर पोचावयाचे, अथवा न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाऊन दौंडची गाडी गाठावयाची, तर ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही त्याला एस.टी. हाच आधार. ती आली नाही तर ‘वडाप’ची जीप, आणि तीत शेवटी चढणाऱ्याचा एक पाय बाहेर.

शिरूरचे आणि एस.टी.चे नाते जन्मापासूनचे आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर आणि पुणे यांच्या दरम्यान धावली, ती शिरूरवरूनच. पुढे १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आला. त्या कायद्याने महामंडळास सांगितले की, आपला व्यवहार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे बोधवाक्य महामंडळाने स्वतःच घेतले. या दोन आज्ञांत जी ओढाताण आहे, तीतून एस.टी. अद्याप सुटलेली नाही. ज्या गावाला चार उतारू आहेत तेथे गाडी पाठविणे हे बहुजनांचे हित. पण तो व्यापार नव्हे. सरकारने ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ मध्ये मोफत प्रवास दिला, महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट केले. दोन्ही निर्णय आम्ही योग्य मानतो. आठवड्याच्या बाजाराला नातवंडासह निर्धास्त जाणारी आजी हा त्या निर्णयांचा दृश्य लाभ आहे. तथापि सवलतीची घोषणा मंत्रालयात होते, गर्दी आगारात येते, आणि भरपाईची रक्कम या दोहोंच्या मध्ये कोठेतरी वाट पाहत असते.

याच एस.टी.च्या तिकिटावर राज्य सरकारचा साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे. त्याचा कायदा १९५८ चा. वर सांगितलेला एक टक्का येथे आठवावा. विमानात बसणाऱ्यासाठी इंधनाचा कर एका टक्क्यावर आणावयाचा आणि उसाच्या तोडीवरून घरी परतणाऱ्या मजुराच्या तिकिटावर साडेसतरा टक्के घ्यावयाचे, हा न्याय कोणत्या पाठ्यपुस्तकातील? वर हेच सरकार दुसऱ्या हाताने वेतनासाठी महामंडळाला पैसे देते आणि त्याला ‘मदत’ म्हणते. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी एस.टी.ची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. ४५ वर्षांत आठच वर्षे नफ्याची, आणि संचित तोटा दहा हजार कोटींहून अधिक, असे तीत आहे. त्याआधी २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढलेले होतेच. भाडे वाढले त्या दिवशी शिरूर वा दौंडच्या प्रवाशाला एक जादा फेरी मिळाली असती, तर त्याने कुरकुर केली नसती.

एस.टी. नसली म्हणजे काय होते, हे आपण २०२१ च्या हिवाळ्यापासून एप्रिल २०२२ पर्यंतच्या संपात पाहिले आहे. संप विलीनीकरणासाठी होता, त्याच्या गुणदोषांची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. तिची पुनरुक्ती येथे नको. पुण्यातील सुशिक्षित मध्यमवर्गाला त्या पाच-सहा महिन्यांचा उपद्रव फारसा झाला नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. आपण विमानाला दोन तास उशीर झाला तर पत्र लिहितो. सहाची गाडी रद्द झाली म्हणून तास बुडालेली मुलगी कोणाला लिहिणार? गाडी वारंवार चुकली की घरचे म्हणतात, राहू दे शिक्षण, आणि त्या वाक्याची नोंद कोणत्याही श्वेतपत्रिकेत होत नाही.

सोलापूरचे साहाय्य काढून शिरूरला द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. दोन्हीकडे ते सुटलेल्या फेरीस बांधावे, असे आहे. विमान कंपनीस द्यावयाच्या रकमेतील काही भाग वेगळ्या ठेवीत असावा, आणि विमान रद्द झाले वा कंपनीच थांबली तर त्या ठेवीतून तिकिटाचे पैसे प्रवाशास थेट परत मिळावेत. बँकांच्या मागे त्याला उभे करू नये. एस.टी.च्या बाबतीत, सवलतींची भरपाई ज्या महिन्याची त्या महिन्यात द्यावी, आणि ज्या फेऱ्या तोट्यातच चालणार हे ठाऊक आहे, त्या फेऱ्यांची यादी करून प्रत्येक फेरीचा खर्च सरकारने उघडपणे उचलावा. पहाटेची पुण्याची गाडी आणि रात्रीची मुक्कामाची गाडी या यादीत प्रथम याव्यात. फेरी सुटली तर पैसे, न सुटली तर नाहीत. गेल्या महिन्यात किती फेऱ्या रद्द झाल्या आणि का, हे शिरूर व दौंडच्या स्थानकांवर आगार व्यवस्थापकांच्या सहीने फळ्यावर लिहिलेले असावे. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही, खडू लागतो.

प्रवासी कराचा दर कमी करण्यासाठी मात्र विधिमंडळापुढे जावे लागेल. अर्थसंकल्पी अधिवेशनात शिरूर आणि दौंड या दोन्ही मतदारसंघांच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, मिळून ही मागणी मांडावी, आणि त्या दिवशी विमानाच्या इंधनावरील कराचा कागदही सभागृहात सोबत न्यावा.