इटालियन शिकताना – 5 : ओर्लांदो आणि पिंगुळीची पोथी

गेल्या आठवड्यात दान्तेचा निरोप घेतला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत एल्फिन्स्टनने दिलेलं त्याच्या महाकाव्याचं हस्तलिखित आहे, त्यामुळे दान्ते निदान ऐकून तरी माहीत असतो. आजचा कवी लुदोविको आरिओस्तो मात्र आपल्याकडे जवळजवळ अनोळखी. दिल्ली विद्यापीठात किंवा जेएनयूत इटालियन घेणारी आपली मुलं मुळाक्षरांपासून सुरुवात करतात. भाषा तोंडात बसते न बसते तोच हा समोर येतो : ‘ओर्लांदो फुरिओझो’, 46 सर्ग, 38 हजारांवर ओळी. पोरं गांगरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आरिओस्तो फेराराच्या एस्ते घराण्याच्या पदरी होता. काव्याची पहिली आवृत्ती 1516ची, वाढवलेली शेवटची 1532ची. पुढच्याच वर्षी तो वारला. ओर्लांदो हा शार्लमेन बादशहाचा सगळ्यांत शूर सरदार. ज्या आंजेलिकेसाठी तो जग पालथं घालतो, ती एका साध्या जखमी शिपायाशी लग्न करते. हे कळल्यावर ओर्लांदोचं डोकंच फिरतं : चिलखत फेकून देतो, झाडं मुळासकट उपटत सुटतो. मग आस्तोल्फो नावाचा सरदार चंद्रावर जातो. पृथ्वीवर जे जे हरवतं ते तिथे जमा असतं. ओर्लांदोची अक्कलही तिथे एका कुपीत सापडते. सगळ्यात गंमत आरिओस्तोच्या सांगण्याची. तलवार उगारली की हा थांबतो आणि भलत्याच पात्राची गोष्ट सुरू करतो. (साप्ताहिकात लिहिणाऱ्यांना हे तंत्र शिकवावं लागत नाही.)

आता पाठ्यपुस्तकात सहसा दोन ओळींत उरकतात तो भाग. दरबारातल्या या कथा एकोणिसाव्या शतकात सिसिलीच्या गल्लीबोळांत पोचल्या, त्या बाहुल्यांमधून. जुस्तो लोदिको नावाच्या गृहस्थाने 1858 ते 1860 या काळात या साऱ्या वीरकथा गद्यात एकत्र केल्या, आणि तेच पुस्तक बाहुलीवाल्यांची पोथी बनलं. रोज रात्री एक भाग, असा खेळ महिनोन् महिने चाले. बाहुल्या धातूच्या चिलखतातल्या, लोखंडी सळईने वरून पेललेल्या. पालेर्मोची बाहुली आटोपशीर. तिचे गुडघे वाकतात, तलवार म्यानात जाते. कातानियाची चार फुटांच्या आसपास, चांगलीच वजनदार, ताठ पायांची, आणि तलवार कायम हातात. या परंपरेला 2001 साली युनेस्कोने मानवजातीचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून गौरवलं.

तिथेच ‘कांतास्तोरिए’ही असत. चौकटी-चौकटींत रंगवलेला मोठा फलक चौकात उभा करायचा, काठीने एकेक चित्र दाखवत कथा गायची. विसाव्या शतकात चिच्चो बुसाक्काने या पद्धतीने 1955मध्ये खून झालेल्या तुरिद्दू कार्नेवाले या कामगार पुढाऱ्याची कहाणी गाऊन दाखवली. शब्द इन्यात्सिओ बुत्तित्ता या कवीचे होते, तेही सिसिलियन बोलीत.

कुडाळ तालुक्यातल्या वाचकाला हे वाचून पिंगुळी आठवली नसेल तर नवल. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवत कथा सांगणारी चित्रकथी तिथल्याच. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रं म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एक दाखवून झालं की उलटायचं. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. पुढे तिथलेच कलावंत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही जोडी फार ताणू नये. सिसिलीचा बाहुलीवाला शहरातला, तिकीट लावून खेळ करणारा. आपल्याकडचा कलावंत देवळाशी आणि संस्थानाशी बांधलेला. एकाने दुसऱ्याचं घेतलं असंही नाही. पण ग्रंथातली कथा न वाचणाऱ्यांपर्यंत कशी जाते आणि वाटेत तिचं काय होतं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

हा प्रश्न विद्यापीठात नेला तो एका डॉक्टरने. पालेर्मोचा जुझेप्पे पित्रे रोगी तपासता तपासता गाणी, म्हणी, कहाण्या गोळा करत राहिला आणि त्याचे 25 खंड काढले. तो सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना पालेर्मो विद्यापीठाने त्याच्यासाठी लोकपरंपरेचं अध्यापन सुरू केलं. आज त्या शहरात आंतोनिओ पास्क्वालिनो यांच्या नावाचं बाहुल्यांचं संग्रहालयही आहे. आपल्याकडे चित्रकथी बहुधा हस्तकलेच्या दालनात किंवा पर्यटनाच्या पत्रकात भेटते. मराठी साहित्याच्या वर्गात तिला आख्यानकाव्याच्या शेजारी बसवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा इटालियन घेऊ पाहणाऱ्या मालवण-कुडाळच्या मुलामुलींना एकच सांगणं : दिल्लीची गाडी पकडण्याआधी पिंगुळीला जाऊन एक आख्यान पूर्ण ऐका, नुसते फोटो काढून परतू नका. पुढच्या आठवड्यात नाटककार गोल्दोनी आणि मुखवट्यांचं नाटक. तोवर जमल्यास दशावताराचा एखादा प्रयोग पाहून ठेवा. लिहिलेल्या संवादांशिवाय नाटक कसं उभं राहतं, हे समजावण्यात माझा अर्धा लेख वाचेल.