दोन ग्रॅमची गोष्ट

‘‘वहिनी, वीसाचं सतरा ग्रॅम करूया की. पाकिटावरचं वजन कोण बघतंय?’’

२०२२ च्या पावसाळ्यातली आमच्या बचत गटाची बैठक. बाहेर पावसाची रिपरिप, आत चहाचे कप आणि सतरंजीवर उघडी पडलेली हिशेबाची वही. विट्यातला आमचा ११ जणींचा गट कांदा-लसूण मसाला करतो. किलो-दोन किलोच्या ऑर्डरी उन्हाळ्यात येतात, पण बाराही महिने हात चालता ठेवतं ते १० रुपयांचं, २० ग्रॅमचं पाकीट. किराणा दुकानात माळेसारखं लटकतं ना, तेच. तेव्हा महिन्याला ३ हजार पाकिटं जायची.

त्या वर्षी मिरचीने डोळ्यांत नुसतं पाणी आणलं. आम्हाला किलोमागे ८० रुपये जास्त पडू लागले. एका पाकिटात साधारण १० ग्रॅम मिरची जाते, म्हणजे पाकिटामागे ८० पैसे गेले. दुकानदाराचं कमिशन, कच्चा माल, पाकीट, दळण सगळं वजा करून आमच्या हातात राहायचा दीड रुपया. त्यातले ८० पैसे गेले तर उरलं काय? महिन्याचे २४०० रुपये बुडत होते. मोठ्या लोकांना ही रक्कम किरकोळ वाटेल, आमच्यात मात्र त्यावर एकीच्या मुलीच्या क्लासची फी अवलंबून होती.

मग किंमत वाढवायची? १० चे १२ करायचे? दुकानदार अण्णांनी आधीच हात वर केले होते. ‘‘ताई, दोन रुपये सुट्टे कुठनं आणू? शेजारी टीव्हीवरच्या कंपनीचं पाकीट दहालाच लटकतंय. गिऱ्हाईक तुमचं ठेवंल आणि ते घेईल.’’ म्हणून मग १७ ग्रॅमची युक्ती निघाली. बहुतेक माना डोलल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्या गटातल्या मावशी बोलल्या. त्या स्वतः शेतमजुरी करून आलेल्या. म्हणाल्या, ‘‘आमच्या घरात बघत्यात बरं का. एका पाकिटात दोन वेळची आमटी हुती. तीन ग्रॅम कमी झालं तर तराजू कशाला पायजे? आमटीच सांगती की!’’

बैठकीत शांतता पसरली. निर्णय पुढच्या आठवड्यावर ढकलला आणि मी घरी आले.

त्या रात्री मी स्वयंपाकघरातली सगळी छोटी पाकिटं ओट्यावर मांडली. चष्मा लावून वजनं वाचली. कुठे ४२ ग्रॅम, कुठे ५.५ मिली, कुठे ८५ ग्रॅम. हे असले तिरपागडे आकडे कुठून आले? आपल्या हिशेबात छटाक, पाव, अर्धा असायचं. तेव्हा लक्षात आलं, की आमच्या सतरंजीवर जो वाद झाला, तोच वाद मोठमोठ्या कंपन्यांच्या काचेच्या खोल्यांतही होत असणार. त्यांच्याकडे शिकलेली माणसं जास्त, चहाचे कप चांगले, एवढाच काय तो फरक.

मैत्रिणींनो, या कंपन्यांची लढाई मुळात आपल्या हातातल्या नाण्यासाठी असते. थोडं मागे जाऊन बघा. १९५९ साली सर्फ भारतात आलं. धुण्याची पावडर ही तेव्हा मोठ्या घरातली वस्तू, बाकीच्यांची मदार साबणाच्या वडीवर. मग १९६९ मध्ये अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी घरीच पावडर बनवायला घेतली. ते सरकारी नोकरीत रसायनतज्ज्ञ होते. सायकलवरून दारोदार पावडर विकायचे. सर्फच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात किलो मिळे. मुलीच्या नावावरून तिला नाव दिलं निरमा. मोठ्या कंपनीने आधी या सायकलवाल्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि बघता बघता निरमा घरोघरी पोहोचली.

माझ्या लहानपणी दूरदर्शनवर ललिताजी यायच्या, आठवतात? भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या, पण पावडर मात्र महागातली घेणाऱ्या. स्वस्त आणि चांगलं यातला फरक त्या ठसक्यात समजावून सांगायच्या. ती जाहिरात म्हणजे सर्फने निरमाला दिलेलं उत्तर होतं. पण ज्यांना महाग परवडतच नाही, त्यांना भाषण काय कामाचं? माझी आई ललिताजींचं सगळं ऐकायची आणि निरमाच आणायची! शेवटी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीलाही स्वस्तातली ‘व्हील’ बाजारात आणावी लागली.

शाम्पूचंही तसंच. बाटली परवडत नसे, म्हणून आपण शिकेकाई नाहीतर अंगाचाच साबण डोक्याला लावायचो. तामिळनाडूच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५ हजार रुपयांवर धंदा सुरू केला आणि ‘चिक’ शाम्पूच्या पुड्या विकल्या. पुढे ५० पैशांची पुडी काढली. मग काय, मोठ्या कंपन्याही पुड्यांच्या मागे धावल्या. आजही गावातल्या दुकानात बाटल्या धूळ खातात आणि पुड्यांच्या माळा रोज नव्या लागतात.

कधी कधी या लढाईत आपलं भलंही होतं. माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, २००४ मध्ये, धुण्याची पावडर अचानक स्वस्त झाली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘काहीतरी गोम आहे, जास्तीची घेऊन ठेव.’’ गोम अशी होती, की प्रॉक्टर अँड गॅम्बलने एरियल आणि टाइडच्या किमती उतरवल्या आणि हिंदुस्थान लिव्हरला, म्हणजे आताच्या हिंदुस्थान युनिलिव्हरला, सर्फच्या उतरवाव्या लागल्या. दोघांच्या भांडणात आपला महिना स्वस्तात गेला. पण किमती अशा किती दिवस उतरणार? कंपनीलाही कच्चा माल लागतो, पगार करावे लागतात. लिव्हरचा त्या वर्षीचा नफा चांगलाच घसरला होता.

म्हणजे कंपनीपुढचा पेच असा. खोबरं, पामतेल, गहू, साखर महाग होणार. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक शेजारच्या पाकिटाकडे वळणार. आणि १, ५, १० ही नाणी तर ठरलेली, त्यांना ताणता येत नाही. मग ताणायला नाही, पण आवळायला एकच जागा उरते, ती म्हणजे वजन. पारले-जीचा छोटा पुडा आठवा. वर्षानुवर्षं तो चार-पाच रुपयांवर राहिला. वजन मात्र १०० ग्रॅमवरून टप्प्याटप्प्याने ६० ग्रॅमच्या खाली आलं. यात बेकायदेशीर काही नाही, वजन पुड्यावर छापलेलं असतं. पण ते छोट्या अक्षरात. कच्चा माल उतरला की वजन पुन्हा वाढतंही, तेव्हा मात्र ‘२० टक्के जादा’ असं चार बोटं मोठ्या अक्षरात छापतात! कमी करताना ‘१० टक्के कमी’ असं छापलेलं कुणी पाहिलंय का?

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मग आम्ही पुन्हा हिशेब मांडला. तेव्हा एक गंमत कळली. १८ ग्रॅम केलं तर नफा जेमतेम पूर्वीइतका राहत होता. १७ केलं तर तो पूर्वीपेक्षा जास्त होत होता. म्हणजे महागाईचं नाव पुढे करून आम्हीही मावशींसारख्या बाईच्या आमटीतून चिमूटभर जास्तच काढणार होतो. आणि ते आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मला लिज्जत पापडची गोष्ट आठवली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करायच्या, चांगला महाग आणि हलका स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा यांनी सांगितलं, एकच पापड करा, चांगलाच करा. त्यांनी ते ऐकलं आणि आज हजारो बायकांच्या चुली त्यावर पेटतात.

आम्ही १८ ग्रॅम ठरवलं आणि पाकिटावर पिवळी चिठ्ठी लावली : ‘मिरची महागली, म्हणून २ ग्रॅम कमी.’ अण्णा हसले. ‘‘ताई, असं कोण सांगतं का? धंदा बसंल.’’ त्यांचं काही अंशी खरंही ठरलं. पहिल्या महिन्यात ३ हजारांवरून २४०० पाकिटांवर आलो. ज्या मुलीची फी भरायची होती तिची आई माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. रात्री मलाही झोप येईना. दुसऱ्यांच्या पोटावर आपण आपला खरेपणा मिरवतोय की काय, असं वाटायचं. शेवटी गटाच्या बचतीतून फी भरली. मग हळूहळू पाकिटं पुन्हा जाऊ लागली. तीन हजारांचा आकडा गाठायला मात्र पाच महिने लागले.

२०२४ च्या उन्हाळ्याआधी मिरची उतरली. त्या दिवशी बैठकीत कुणालाच काही सांगावं लागलं नाही. ‘‘कोण बघतंय’’ म्हणणाऱ्या आमच्या धाकट्या वहिनीनेच शिक्का बदलला आणि २० ग्रॅम केलं.

आता आपल्यापुरतं. पाकिटावर एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमला किती पडतं तेही छापावं लागतं. अगदी चिमुकल्या पुड्यांना सूट आहे. तो आकडा वाचायची सवय लावून घ्या. आमच्या पाकिटावर १८ ग्रॅमला ५६ पैसे पडत होते, २० ग्रॅमला ५० पैसे पडतात. दोन कंपन्यांची पाकिटं शेजारी धरली की खरा स्वस्त कोण ते तिथेच कळतं. छापलेल्यापेक्षा वजन कमी भरलं तर ती फसवणूक आहे. त्यासाठी जिल्ह्याला वैधमापन कार्यालय आहे आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटं, शाम्पू, अंगाचा साबण, टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. हिशेबाने ५ रुपयांचा पुडा ४ रुपये ४५ पैशांचा आणि १ रुपयाची पुडी ८९ पैशांची व्हायला हवी. पण ते ५५ पैसे परत कोण देणार? म्हणून कित्येक कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग धरला. तुमच्या पुड्यात ते वाढलेलं वजन आलं का, हे बघणारं तुमच्याशिवाय घरात दुसरं कोण आहे?

मावशी अजूनही आमच्या गटात आहेत. दर महिन्याच्या पहिल्या घाण्याचं एक पाकीट आम्ही त्यांच्या घरी देतो. दुसऱ्या दिवशी त्या आल्या की सगळ्या जणी हातातलं काम थांबवून विचारतात, ‘‘मावशी, आमटी काय म्हणती?’’