कूतचा हिवाळा आणि मराठा शिपाई

खानापूर सोडून रेल्वे लोंढ्याकडे निघाली की वाटेत गुंजी लागतं. या पट्ट्यात 'पलटणीत आहे' एवढं म्हटलं तरी पुरतं. पुढचं सांगावं लागत नाही. मराठा रेजिमेंटचं केंद्र जवळच बेळगावात आहे. याच रेजिमेंटच्या जुन्या पलटणींनी पहिल्या महायुद्धात १९१५-१६ चा हिवाळा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या काठच्या कूत गावात वेढ्यात काढला. त्या दिवसांचा मागोवा घ्यायचा तर सेनापतीऐवजी शिपाईगड्याच्या बाजूने घ्यायला हवा.

बगदाद घ्यायला निघालेल्या ब्रिटिश जनरल टाऊनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन इथे तुर्की फौजेने रोखलं. जखमींना घेऊन ती कूतला परतली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेढा पडला. आत १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. २४ डिसेंबरच्या रात्री तुर्कांनी कूतच्या मातीच्या किल्ल्यावर जोराचा हल्ला चढवला. तोफांनी भिंती ढासळल्या होत्या. ढिगाऱ्यात हातघाईची लढाई झाली आणि हल्ला परतवणाऱ्यांत १०३वीचे शिपाई होते. जानेवारीत टायग्रिसला पूर आला, खंदक पाण्याने भरले. कडाक्याच्या थंडीत चिखलात पाय रोवून पहारे करावे लागले.

पुढे मारलं ते भुकेने. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत नाकारलं, आणि भाजीपाल्याच्या अभावी त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून संमती मागवण्यात आली, तरी मनं वळेनात. अधिकाऱ्यांना तो हट्ट वाटला. पण शिपायाला गावाची भीती होती: उद्या परत गेल्यावर पंगतीला कोण घेईल, मुलीची सोयरीक कोण जुळवील? तोफांसमोर न हटणारा माणूस या प्रश्नासमोर उपाशी राहिला. अखेर सक्ती वाढली तेव्हा पुष्कळांनी तेही गिळलं. तोवर दिवसाचं पीठ जेमतेम सव्वाशे ग्रॅमवर आलं होतं.

वेढ्यातल्यांना सोडवायला आलेल्या फौजेनेही हजारो माणसं गमावली. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, कूत शरण गेलं. टाऊनशेंडला इस्तंबूलजवळ एका बेटावर आरामात ठेवण्यात आलं. सामान्य शिपाई मात्र वाळवंटातून पायी हाकले गेले. कित्येकांना रास अल-ऐन इथल्या रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले.

पुढे बसरा इथे या मोहिमेत मेलेल्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायाची मात्र पलटणीखाली निव्वळ संख्या मांडली. हा भेदभाव झाला होता, असं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये मान्य केलं. पण आयोगाच्या कबुलीने गावातली माणसं ओळखता येत नाहीत. ते काम आपलं आहे. खानापूर-बेळगावच्या ज्या घरांत त्या युद्धाची पदकं, निवृत्तिवेतनाचे कागद किंवा नुसत्या आठवणी आहेत, तिथून गावोगावच्या शाळांनी आणि पंचायतींनी नावं गोळा करावीत. शंभर वर्षं उलटली तरी हे काम अजून करता येण्यासारखं आहे, आणि जुनी माणसं आहेत तोवरच ते नीट होईल.