राजाला शह, बँकेत चेक

मोबाइलवर मेसेज चेक होतात. ठाण्याकडे जाणाऱ्या बसमध्ये 'एक मुलुंड चेकनाका' म्हणून तिकीट मागितलं जातं. लोकलमधून उतरताना पुढून कुजबुज येते, 'पुलावर चेकिंग आहे.' लग्नाला चेक्सचा शर्ट घातला तर घरचे नाक मुरडतात, आणि त्याच लग्नाच्या हॉलवाल्याला दिलेला चेक वटला नाही तर कलम १३८ ची नोटीस दारात येते. ऐकताना हे पाच वेगळे शब्द वाटतात. प्रत्यक्षात सगळे एकाच घराण्यातले आहेत, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष मराठीत कधीपासून नांदतो आहे: बुद्धिबळातला शह.

फारसीत शाह म्हणजे राजा. प्राचीन फारसीतल्या 'क्षायथिय' या रूपापासून तो झिजत आला. संस्कृतातला 'क्षत्र' त्याच्या भावकीतला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांचा आपला चतुरंग हा खेळ इराणात गेला तेव्हा त्याचा चतरंग झाला, अरबांच्या तोंडी शतरंज झाला. समोरच्याच्या राजावर मारा करताना 'शाह!' असं म्हणून सावध करायचं, ही रीत खेळाबरोबर प्रवास करत राहिली. युरोपात पोहोचल्यावर लॅटिनमध्ये त्या शाहचं 'स्कॅकस' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि इंग्रजीत 'चेक'. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून इंग्रजी 'चेस' निघाला. म्हणजे व्याकरणाच्या हिशेबाने चेक हे एकवचन आणि चेस हे अनेकवचन. 'चेकमेट' म्हणजे तर आपलं शहमातच. त्यातल्या 'मात'चा अर्थ अरबीप्रमाणे 'मेला' की फारसीप्रमाणे 'हतबल झाला', यावर अभ्यासकांत वाद आहे. मला हतबल जास्त पटतो, कारण बुद्धिबळात राजा मारला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही, एवढंच.

आता इंग्रजीत अर्थ कसे फुटत गेले ते पाहू. हा शब्द तिथे इसवी सन १३०० च्या सुमाराला दिसू लागतो. शह बसला की बाकीचे सगळे बेत थांबतात, आधी राजाचं पाहावं लागतं. त्यातून चेकला 'अडथळा', 'आवर', 'लगाम' हे अर्थ चिकटले. राग आवरणं, शत्रूला रोखणं, सत्तेवर अंकुश ठेवणं या सगळ्याला इंग्रजीत चेकच. गंमत अशी, की मराठीने कोणाचं न बघता हेच केलं. शह देणं, काटशह देणं, मात करणं हे शब्द पटावरून उठून आपल्या राजकारणात इतके रुळले, की निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांचं त्यांच्यावाचून अडेल.

दुसरी शाखा पटाची. बुद्धिबळाच्या पटाला लॅटिनमध्ये 'स्कॅकेरियम' म्हणत, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिए'. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल ज्या टेबलावर मोजला जाई, त्याला हेच नाव मिळालं आणि पुढे त्या खात्यालाच 'एक्स्चेकर' म्हणू लागले. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवले जातात. पदनामातच बुद्धिबळाचा पट असलेला दुसरा अर्थमंत्री निदान मला तरी माहीत नाही.

त्या टेबलाचं वर्णन राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकात लिहायला घेतलेल्या ग्रंथात केलं आहे. टेबल सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद. हिशेबासाठी वर मांडलेल्या सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंचीचा काठ. त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. रेघांमधल्या पट्ट्यांना उजवीकडून डावीकडे किंमत ठरलेली: पेनी, शिलिंग, पौंड, मग पौंडांच्या विशी, शेकडे, हजार. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड.

वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमस या सणांना, परगण्यांचे शेरीफ इथे हिशेब द्यायला येत. (मुंबईच्या शेरीफचं मानाचं पद त्याच परंपरेतलं, पण इंग्लंडच्या त्या शेरीफांना मानापेक्षा धाकच जास्त असावा.) समजा, एका शेरीफाकडून १४५ पौंड, १० शिलिंग, ४ पेनी येणं आहे. हिशेबनीस वरच्या ओळीत सोंगट्या मांडतो: शेकड्याच्या पट्टीत एक, विशीच्या पट्टीत दोन, पौंडाच्या पट्टीत पाच, शिलिंगाच्या दहा, पेनीच्या चार. शेरीफाने भरले १०३ पौंड, ६ शिलिंग, ८ पेनी; ते खालच्या ओळीत. आता वजाबाकी. चार पेनींतून आठ जात नाहीत, म्हणून शिलिंगाच्या पट्टीतली एक सोंगटी उचलून पेनीच्या पट्टीत बारा टाकायच्या. सोळातून आठ गेल्या, आठ उरल्या. शिलिंग उरले नऊ, त्यातून सहा गेले, तीन राहिले. पौंडांच्या पाचांतून तीन गेले, दोन राहिले. विशीच्या दोन तशाच, शेकडा फिटला. बाकी ४२ पौंड, ३ शिलिंग, ८ पेनी.

प्राथमिक शाळेतली हातच्याची वजाबाकीच ही. फरक इतकाच, की त्या काळी इंग्लंडच्या सरकारी वह्यांत आकडे रोमन असत. रोमन आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी करता येत नाही, शून्यही नाही. म्हणून रिकामी पट्टी हेच त्यांचं शून्य होतं. शिवाय ज्या शेरीफाला अक्षरओळख नाही त्यालाही सोंगट्या डोळ्यांना दिसत, त्यामुळे फसवलं म्हणायला जागा नसे. फिट्झनील तर सरळ लिहितो, की बुद्धिबळाच्या पटावर राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची होते.

पैसे भरल्याची पावती म्हणजे खाचा पाडलेली लाकडी काठी. ती उभी चिरून एक भाग पैसे भरणाऱ्याला द्यायचा, दुसरा खजिन्यात राहायचा. वाद झाला तर दोन्ही भाग जुळवायचे. खाचा जुळल्या तर खरं. शेकडो वर्षं चाललेल्या या काठ्या अखेर रद्दीत निघाल्या, आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या संसदेच्या इमारतीखालच्या भट्ट्यांत जाळताना आग भडकून संसदेची दोन्ही सभागृहं खाक झाली.

चेकबुकात काउंटरफॉइल असतं, त्यामागे हीच कल्पना आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत 'चेक' म्हणत ते या काउंटरफॉइललाच. मूळ कागदात कोणी खाडाखोड केली तर मागे राहिलेल्या तुकड्याशी ताडून पाहता येई. लबाडीला आवर, म्हणून चेक. हळूहळू नाव तुकड्यावरून सरकून फाडून दिलेल्या कागदावर गेलं. पुढे इंग्लंडात त्याचं स्पेलिंग एक्स्चेकरच्या वळणावर नेलं गेलं, अमेरिकेत जुनंच राहिलं. आपला १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट ब्रिटिश अमलातला, म्हणून भारतात स्पेलिंग इंग्लंडचं. या चेकचं मूळ अरबी 'सक्क' म्हणजे लेखी दस्त या शब्दात आहे, असंही पुष्कळदा सांगितलं जातं. ध्वनी जुळतो, अर्थही जुळतो, पण काउंटरफॉइलचा हा मधला टप्पा त्या गोष्टीत बसत नाही. त्यामुळे मी शहाच्या बाजूने.

'तपासणे' हा अर्थ, म्हणजे आज आपण सगळ्यात जास्त वापरतो तो, असाच उशिरा आलेला आहे. आवर घालायचा तर ताडून पाहायला हवं, आणि ताडून पाहणं म्हणजेच तपासणं. इंग्रजी 'कंट्रोल'चीही हीच कथा: तो निघाला 'दुसरी प्रत ठेवलेली वही' या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून. तपासण्याच्या अर्थातूनच चेकनाका आला. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली, तपासायचं काही उरलं नाही, तरी मुलुंडचा बसथांबा आपलं नाव सोडायला तयार नाही. टीसीला मात्र आपण उगाच या घराण्यात ओढतो. त्यातला सी चेकरचा नव्हे, कलेक्टरचा.

अमेरिकेत या शब्दाने आणखी हातपाय पसरले. सामान ठेवल्यावर मिळणारा बिल्ला चेक, हॉटेलातलं बिल चेक. बेसबॉलचा सामना पावसाने थांबला तर पुढच्या सामन्याला चालणारं तिकीट 'रेन चेक', आणि त्यावरून आज कोणी निमंत्रण 'पुन्हा कधीतरी' म्हणून टाळलं तरी तो रेन चेकच.

चेक्सच्या शर्टाबद्दल फार सांगायला नको. चौकडी पटावरून थेट कापडावर आली. पोर्तुगीजांनी हेच दुसऱ्या वाटेने केलं. त्यांचा 'शद्रेझ' म्हणजे बुद्धिबळही आणि चौकड्यांचं कापडही. तो अरबी शतरंजवरून, म्हणजे आपल्या चतुरंगावरूनच घडलेला आहे.

राहता राहिला चेक प्रजासत्ताकातला चेक. त्याचा या घराण्याशी संबंध नाही. दंतकथेतल्या चेख नावाच्या पूर्वजावरून त्या लोकांचं नाव पडलं असं ते मानतात. पण त्यांच्या भाषेत बुद्धिबळाला 'शाखी' म्हणतात, शहाला 'शाख', आणि बँकेतल्या चेकला 'शेक'.