सहकुटुंब लंडन : विसाव्याचा प्रवास

पूर्वी वडील मंडळी काशीयात्रेस निघत, ती मागे राहणाऱ्या मुलाबाळांचा निरोप घेऊन. आज नातवंडांस मे महिन्याची सुट्टी लागली की आजी-आजोबांसह सारे घर लंडनला नेण्याचा बेत खेड्यात बसूनही आखता येतो. गोष्ट आनंदाची खरी. परंतु असे बेत बहुधा तरुणांच्या पायांच्या हिशेबाने होतात. आठ दिवसांत पंचवीस स्थळे पाहावयाची, आणि परतल्यावर आजोबांचे गुडघे व सुनेची कंबर यांची महिनाभर शुश्रूषा करावयाची, याला विश्रांती म्हणवत नाही. प्रवासाचे माप घरातील सर्वांत थकलेल्या माणसावरून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल शिरूर तालुक्यातील न्हावरे येथील एक एकत्र कुटुंब घेऊ : आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना व तीन नातवंडे. नऊ माणसांचे नऊ वेगळे व्हिसा-अर्ज करावे लागतात. ते प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपासून करता येतात व निकालास सामान्यतः तीन आठवडे लागतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच कामास लागावे. वडील मंडळींचा आजारपणाचा विमा उतरविल्यावाचून निघू नये, कारण तेथील सरकारी रुग्णालये परदेशी पाहुण्यांस मोफत नाहीत. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह व हातातल्या पिशवीत असावीत.

न्हावऱ्याहून निघून त्याच रात्री विमान गाठण्याची घाई करू नये. एक रात्र मुंबईस काढावी. पुढे विमानात नऊ-दहा तास बसावयाचे असते. चाकांची खुर्ची तिकिटाबरोबरच मागून ठेवावी, व ती मागण्यात आजोबांनी कमीपणा मानू नये. मे महिन्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. घरी पहाटे पाचला उठणाऱ्या आजींना तेथे रात्री साडेबारालाच जाग येणार! पहिले दोन दिवस म्हणूनच मोकळे ठेवावेत.

बिऱ्हाड एकच करावे, व ते स्वयंपाकघर असलेले. वेम्ब्ली भाग आम्हांस सोयीचा वाटतो. तेथील ईलिंग रोडवर गुजराती दुकानांतून डाळी, पिठे, भाज्या मिळतात. वेम्ब्ली पार्क स्थानकावरून भुयारी गाडी न बदलता थेट वेस्टमिन्स्टरला, म्हणजे पार्लमेंटच्या दारी जाते, आणि दोन्ही स्थानकांत उद्वाहक असल्याने जिने चढावे लागत नाहीत. सर्वच भुयारी स्थानकांत ही सोय नाही. लाल बसगाड्यांना मात्र चढण्यासाठी उतरती फळी असते. वरच्या मजल्यावर नातवंडे, खालच्या बाकावर आजी, असे शहर पाहणे हीच एक करमणूक होय.

दिवसाला एकच स्थळ ठेवावे. सकाळी दहा ते एक हिंडावे, दुपारी विसावा घ्यावा, संध्याकाळी बागेत बसावे. मेअखेरीस नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. १७५९ मध्ये लोकांस खुले झालेले ब्रिटिश म्युझियम पाहण्यास पैसे पडत नाहीत, तेव्हा एका दिवसात ते संपविण्याचा हट्ट कशास? मुलांसाठी साऊथ केन्सिंग्टनला निसर्गेतिहासाचे व विज्ञानाचे संग्रहालय शेजारीशेजारी आहेत. मुले तेथे रमली असता वडील मंडळींनी हाऊली प्लेसमधील दहा क्रमांकाचे घर पाहावे. १९१८-१९ मध्ये चिरोल खटल्याच्या निमित्ताने लोकमान्य टिळक तेथे राहत होते, व तशी पाटी भिंतीवर आहे. जवळच कालवा आहे. काठाने दोन पावले हिंडावे. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहिले. ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. ही घरे नातवंडांना दाखविताना आजोबांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

आता मुख्य गोष्ट. बिऱ्हाडात स्वयंपाकघर आहे म्हणून नऊ माणसांचा सकाळचा चहा, पोळ्या, उष्टी-खरकटी हे सारे सुनांच्याच गळ्यात पडणार असेल, तर त्यांनी लंडन पाहिले काय आणि न पाहिले काय! सकाळचा फराळ पुरुषांनी करावा, दुपारचे जेवण बाहेर व्हावे, रात्री पाळीने खिचडी. आजींच्या एकादशीसाठी साबुदाणा व दाण्याचे कूट घरून न्यावे. साजूक तूप व पेढे मात्र नेऊ नयेत, कारण भारतातून दुधाचे पदार्थ तेथे नेण्यास मनाई आहे. हा पाळीचा नियम सासूबाईंनीच घरून निघण्यापूर्वी चारचौघांत सांगावा. मुलाने सांगितला तर कुरबूर होते, सुनेने सांगितला तर भांडण होते. सासूने सांगितला म्हणजे तो घरचा नियम होतो.

आणि तिकिटे काढण्यापूर्वी आजी-आजोबांस एकेकटे गाठून विचारावे, की तुम्हांस खरोखर यावयाचे आहे काय? आपल्यामुळे पोरांचा हिरमोड नको म्हणून होकार देणारी, अथवा खर्च वाचावा म्हणून नकार देणारी वडील माणसे आपल्या घरोघरी आहेत. त्यांच्या उत्तरामागचे मन ओळखूनच पुढचा बेत करावा.