मूत्रपिंडातील सौम्य अर्बुदे आणि सुईचा नमुना

सोनोग्राफीचा प्रसार झाल्यापासून मूत्रपिंडातील लहान गाठी, कोणतेही लक्षण नसताना, अकल्पितपणे आढळू लागल्या आहेत. चार सेंटिमीटरपेक्षा लहान अशा गाठी काढून तपासल्या असता त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा सौम्य ठरतो. नेरसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णास यवतमाळ वा नागपूर गाठून मूत्रपिंड गमवावे लागणे, आणि तेही निरुपद्रवी गाठीपायी, ही सामान्य हानी नव्हे. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी सुईने नमुना घेण्याकडे कल वाढला आहे. परंतु सौम्य अर्बुद ओळखण्यातच हा नमुना अनेकदा अपुरा पडतो.

अँजिओमायोलिपोमा त्यातल्या त्यात सुलभ. त्यातील चरबी बहुधा सीटी चित्रणातच दिसते. ती अत्यल्प असल्यास एचएमबी-४५ या प्रतिपिंडाचे रंजन साहाय्यास येते. खरा पेच ऑन्कोसायटोमाचा. १९७६ साली क्लाइन व व्हॅलेन्सी यांनी १३ अर्बुदांचे वर्णन केल्यावर त्यास स्वतंत्र स्थान लाभले. त्याच्या पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या, म्हणून लालसर व कणीदार असतात. केंद्रके गोल असतात. मात्र ठोनेस व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये वर्णिलेल्या क्रोमोफोब कर्करोगाचा इओसिनरागी प्रकारही पुष्कळसा असाच दिसतो. सुरकुतलेली केंद्रके व त्यांभोवतीचे फिकट वलय ही त्याची खूण. पण ती अर्बुदाच्या एखाद्याच भागात असू शकते, आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीचा नमुना त्या भागातून आलेला असेलच असे नाही.

रंजनाने प्रश्न निकालात निघतो असेही नाही. सीडी-११७ दोहोंतही दिसते. सायटोकेराटिन-७ ऑन्कोसायटोमात विखुरलेल्या पेशींत व क्रोमोफोबमध्ये सर्वदूर आढळते खरे. परंतु नेमक्या इओसिनरागी प्रकारात ते विरळ असू शकते.

म्हणूनच 'ऑन्कोसायटिक अर्बुद. ऑन्कोसायटोमाची शक्यता अधिक' असा अहवाल हा तपासणाऱ्याचा दुबळेपणा मानू नये. नमुन्याला तितकेच सांगता येते. याउलट सुईत केवळ निरोगी ऊती आल्यास तो अहवाल सौम्यतेचा पुरावा समजणे घातक आहे. तेथे नमुना पुन्हा घ्यावा लागतो. संशयित ऑन्कोसायटोमा न काढता ठराविक काळाने चित्रणाखाली ठेवता येतो. मात्र ऑन्कोसायटोमाही हळूहळू वाढतो. तेव्हा दुसऱ्या चित्रणात गाठ थोडी मोठी दिसली, एवढ्यावरून ती कर्करोगाची ठरत नाही.