विश्लेषण : तराजूशिवाय विषाणूचे वजन कसे मोजतात?

तंबाखू, टोमॅटो, मिरचीच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा ‘टोबॅको मोझॅक’ विषाणू इतका हलका, की एक ग्रॅम भरायला त्याचे सुमारे दीड कोटी अब्ज कण लागतील. मग एका कणाचे वजन कसे काढतात? १९३६ मध्ये ते काढले गेले, पण उत्तर निम्म्याहून कमी आले. असे का झाले?

यंत्र काय करते?

पाण्यात सोडलेला विषाणू आपणहून तळाशी बसत नाही. पाण्याचे रेणू त्याला सतत ढकलत असतात. अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा रोटर प्रचंड वेगाने फिरतो. ड्रायरमध्ये कपड्यातले पाणी बाहेर फेकले जाते, तसे विषाणूचे कण बाहेरच्या दिशेला सरकतात. ही सरकती सीमारेषा प्रकाशाच्या साहाय्याने टिपली जाते. स्वीडनमधील उप्साला येथे थिओडोर स्वेडबर्ग यांनी १९२०च्या दशकात हे यंत्र विकसित केले.

चूक कुठे झाली?

१९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक मिळवले. नमुना उप्सालात तपासला गेला. वजन आले सुमारे १.७ कोटी डाल्टन. एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचे वजन. यंत्राने वेग मोजला, पण वेगावरून वजन काढताना कण गोलसर धरला होता. प्रत्यक्षात तो काठीसारखा निघाला : लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी फक्त १८. त्याच वजनाच्या गोळ्यापेक्षा काठीला द्रवाचा विरोध जास्त होतो, त्यामुळे ती हळू सरकते. हा मंदपणा हलकेपणा समजला गेला.

खरे वजन किती?

आकार लक्षात घेतल्यावर उत्तर ४ कोटींच्या आसपास गेले. पुढे कणाची रचना उलगडली आणि पडताळणीही झाली. प्रत्येकी सुमारे १७,५०० डाल्टनचे २,१३० प्रथिन-तुकडे आणि सुमारे २० लाख डाल्टनचा आरएनए, एकूण ३.९ कोटी.

आज उपयोग काय?

जनुक उपचारात औषधी जनुक विषाणूच्या कवचातून पेशीत पोहोचवतात. काही कवचे मात्र रिकामीच तयार होतात. भरलेले कवच जड असल्याने वेगाने सरकते, रिकामे मागे राहते. त्यामुळे औषधात रिकामी कवचे किती, हे तपासायला आजही हेच तंत्र वापरतात.